पासवर्ड काय आहे हो?

पाहुणा दारात चपला काढतो, आत येऊन पंख्याखालची जागा हेरतो, पाण्याचा ग्लास हातात घेतो, आणि तो अर्धा व्हायच्या आत खिशातून फोन काढून विचारतो, "पासवर्ड काय आहे हो?" पूर्वी या मुक्कामावर "जागा स्वतःची की भाड्याची?" हा प्रश्न येत असे, आणि तो विचारण्याआधी निदान चहा होऊ द्यायची रीत होती. नव्या प्रश्नाला "नाही सांगत" असं उत्तर मराठी घरात देता येत नाही. तशी आपण गुपितं राखणारी माणसं आहोत. एटीएमचा पिन सख्ख्या भावालाही सांगत नाही, मुलाचा पगार कुणी विचारला तर "बरा आहे" एवढ्यावर भागवतो, आणि डाळिंब्यांच्या उसळीत काय काय घातलं हे सांगताना एक जिन्नस हमखास गाळतो. वायफायचा पासवर्ड मात्र स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला जातो, आणि मध्येच कुकरची शिट्टी आडवी आली तर दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं असेल तर तिकडेही तो पोहोचतो. जिन्यावरून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याला तो एव्हाना पाठ झालेला असतो. बिनतारी जाळ्यात परकी माणसं घुसू नयेत म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे गणिती आणि अभियंते कुलपामागून कुलपं घडवताहेत. त्या सगळ्या खटाटोपाकडे पाहिलं की वाटतं, या कुलपांचा खरा सामना चोराशी नाहीच, तो भिडेशी आहे. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. वायफाय आल्यापासून ती चोराची मावशीही झाली आहे.

गणिताचा काहीच दोष नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही, म्हणून आधी त्याचा हिशेब चुकता करू. तारेतून येणाऱ्या इंटरनेटला निदान भिंतीची अडचण असते. रेडिओलहरींना सोसायटीची हद्द ठाऊक नसते; त्या आपल्या दिवाणखान्यातून निघतात, शेजारच्यांच्या बेडरूममधून बिनदिक्कत जातात, पार्किंगमध्ये उतरतात आणि वॉचमनच्या खुर्चीपाशी जाऊन बसतात. १९९७ साली बिनतारी जाळ्यांसाठी ८०२.११ हे मानक ठरलं तेव्हा त्याच्यासोबत डब्ल्यूईपी नावाचं कुलूप आलं. त्याच्या नावातच "तारेइतकी गुप्तता" असं आश्वासन होतं. किल्ली चाळीस बिटांची, कारण त्या काळी याहून मोठी किल्ली देशाबाहेर पाठवायला अमेरिकी सरकारची आडकाठी होती. माहितीच्या प्रत्येक पुडक्यासोबत किल्लीला एक बदलता आकडा जोडला जाई, आणि असे आकडे एकूण १,६७,७७,२१६. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि पुन्हा तेच फिरून येऊ लागतात. मग लग्नात तेच ते किस्से सांगणाऱ्या मामांसारखं होतं: दोन-तीनदा ऐकलं की शेवट ऐकणाराच सांगतो. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी या कुलपाची मेख उघडी पाडली, आणि २००७ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी त्याची वाढवलेली, १०४ बिटांची किल्लीसुद्धा मिनिटाभरात हाती लागते हे करून दाखवलं. चहाला आधण यायला याहून जास्त वेळ लागतो. दरम्यान २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं होतं, आणि या दुसऱ्यात एईएस हे खरोखर दणकट गणित बसवलेलं होतं. त्यातही २०१७ साली बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहोफ याला एक फट सापडली, पण ती अपडेटने बुजवता आली. म्हणजे गेल्या वीस वर्षांत गणिताला बोल लावायला फारशी जागा राहिलेली नाही. तरी माणसं घुसतातच.

घुसण्याची पहिली वाट खुद्द राउटर बनवणाऱ्यांनीच करून दिली, आणि तीही आपल्याच सोयीखातर. लांबलचक पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो म्हणून २००६-०७ च्या सुमारास डब्ल्यूपीएस नावाची सोय निघाली. डब्यावर एक बटण, किंवा मागच्या स्टिकरवर छापलेला आठ आकडी पिन. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. कोण एवढे करत बसणार? २०११ च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवलं की आठवा आकडा नुसता पडताळ्याचा आहे, आधीच्या सातांवरून तो आपोआप निघतो. पण खरी गंमत पुढेच आहे. पहिले चार आकडे बरोबर आले की राउटर तसं कळवतो, आणि मग उरलेले तीन वेगळे तपासतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत काम फत्ते, आणि तेही काही तासांत. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला "अर्धं बरोबर आहे हो तुमचं, अजून थोडा प्रयत्न करा" असं सांगणाऱ्या या यंत्राला दुष्ट कसं म्हणणार? तो डबाही आपल्यासारखाच भिडस्त निघाला. समोरच्याला तोंडावर साफ "नाही" म्हणणं त्याच्याही जिवावर आलं.

दुसरी वाट आपण स्वतः बांधतो, आणि तिचा पायाभरणी समारंभ जोडणीच्या दिवशीच होतो. नेटवाला मुलगा खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन येतो, एसीसाठी पाडलेल्या भोकातून तार आत घेतो, डबा शोकेसवर गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवतो, दिवे हिरवे होईपर्यंत त्याच्याकडे एकटक पाहतो आणि मग विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणतात, "ठेव रे काहीतरी सोपं. लक्षात राहील असं." त्या क्षणी जगात काकांच्या लक्षात राहणारी एकच गोष्ट असते, त्यांचा मोबाईल नंबर. तो ठेवला जातो. आता हिशेब करू. आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात सहा, सात, आठ किंवा नऊने. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी नंबर. राउटर आणि फोन यांची जोडणी होताना त्यांच्यात जे नमस्कार-चमत्कार होतात ते रस्त्यावरच्या गाडीत बसून टिपता येतात, आणि घरी नेऊन सावकाश त्यांच्यावर अंदाज लावता येतात. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. मुलं गेम खेळायला घेतात तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. चारशे कोटींना चार हजार सेकंद, म्हणजे जवळपास एक तास सात मिनिटं. तेवढ्यात पुण्याहून सुटलेली लोकल लोणावळ्यालाही पोहोचत नाही. अर्थात एवढी यातायात करणारा चोर मूर्खच म्हणायचा, कारण काकांचा नंबर खाली सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सभासदांच्या यादीत लावलेला असतो, मेंटेनन्सच्या थकबाकीच्या रकान्याला लागून.

हे फक्त आपल्या काकांचं नाही. २०२१ साली तेल अवीवमध्ये एका सुरक्षा-संशोधकाने पिशवीत यंत्रं घालून शहरभर फेरफटका मारला आणि पाच हजार वायफाय नेटवर्कांचे असे नमुने गोळा केले. त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिकांचे पासवर्ड त्याने शोधून काढले, आणि त्यांतले दोन हजारांहून जास्त निव्वळ मोबाईल नंबर होते. तिथे तर मोबाईल नंबरांच्या शक्यताच जेमतेम दहा कोटी. तज्ज्ञ यावर म्हणतील की लोक आळशी असतात. मला हे निदान पटत नाही. आळशी माणूस पासवर्ड ठेवणारच नाही. मोबाईल नंबर ठेवणारा माणूस दूरदर्शी असतो: हा पासवर्ड आपल्याला शंभरदा सांगावा लागणार आहे हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलेलं असतं. बँकेचा पासवर्ड लपवण्यासाठी असतो. वायफायचा सांगण्यासाठी असतो. तो ठरवताना मनात प्रश्न येतो तो "चोराला कळेल का?" हा नव्हे, "आत्याला कळेल का?" हा. ज्यांनी कारखान्यातला मूळचा, वेडावाकडा पासवर्ड तसाच ठेवला त्यांचे हाल बघा. पाहुणा डबा उलटा धरून उभा, यजमान मोबाईलचा टॉर्च धरून, आणि दोघांच्या मध्ये मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं स्टिकर. "हा शून्य की ओ?" "ओ असावा." "कॅपिटल?" "थांबा, चष्मा आणतो." या झटापटीत तार निसटते, नेट जातं, आणि मग पाहुणाच म्हणतो, "राहू द्या, माझं फोनचं आहे." असा अपमान एकदा झाला की संध्याकाळपर्यंत पासवर्ड बदलून घरातल्या नातवाचं नाव, ॲट द रेट, एक-दोन-तीन असा होतो. हे ॲट द रेट चिन्ह किराणा दुकानाच्या बिलातून थेट आपल्या सुरक्षाव्यवस्थेत आलं आहे, आणि नातवाचं नाव तर दारावरच्या पाटीत आजोबांच्या खाली लिहिलेलंच असतं.

जाता जाता नेटवर्कच्या नावाबद्दल. ते पाटीसारखंच असतं, पण त्याला बत्तीस बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं. हिशेब केला तर "श्री गणेश कृपा" मावत नाही, अडतीस होतात. "गणेशकृपा" मावतं. म्हणजे "श्री" गाळून नुसती कृपा घ्यावी लागते, आणि यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मुद्द्याची गोष्ट इतकीच की डब्ल्यूपीए-२ मध्ये किल्ली तयार करताना हे नावही पासवर्डबरोबर घोटलं जातं. कंपनीचं आयतं नाव ठेवलं तर चोराला त्या नावाचे तक्ते आधीच तयार करून ठेवता येतात. घरच्या नावाचे येत नाहीत. कृपा आहे ती एवढ्यापुरती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत लाडका: "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" दिवाणखान्यात तेच रिमोट, फोनमध्ये तेच सुप्रभातचे फोटो, घेईना कोण काय घेतो ते. हा युक्तिवाद घरफोडीला लागू पडतो, वायफायला नाही. इथे प्रश्न तुमच्याकडून काय नेतील हा नाही, तुमच्या नावावर काय करतील हा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली होती. तिचा माग काढत तपासयंत्रणा पोहोचली ती नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी रहिवाशाच्या फ्लॅटवर. मेल त्याने पाठवलीच नव्हती. त्याचं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. तरी त्याचे संगणक तपासले गेले, जाबजबाब झाले, वर्तमानपत्रांतून नाव गाजलं. पुढच्या दोन महिन्यांत अशाच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्या. इंटरनेटच्या जगात घराचा पत्ता राउटरला मिळतो, माणसाला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला त्या पत्त्याच्या आत कोण बसलंय ते दिसत नाही. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वायफाय शोधत हिंडले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या. "लपवण्यासारखं काही नाही" हे वाक्य सानपाड्याच्या त्या फ्लॅटलाही तंतोतंत लागू होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो एका जाणत्या माणसाचा आहे. ब्रूस श्नायर हे सुरक्षाशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी त्याच २००८ च्या जानेवारीत लिहिलं की आपण घरचं वायफाय उघडंच ठेवतो. आल्यागेल्याला इंटरनेट देणं म्हणजे ऊब, वीज किंवा गरम चहाचा कप देण्यासारखा साधा शिष्टाचार आहे. चहाचा दाखला देऊन श्नायरनी मराठी माणसाची पंचाईतच केली आहे, कारण चहाला नाही म्हणणाऱ्या यजमानाला आपल्याकडे माणसांत धरत नाहीत. पण चहा आणि वायफाय यांत एक फरक आहे. पाहुण्याने चहा पिऊन बाहेर जाऊन कुणाला शिव्या दिल्या तर "चहा कुणाकडचा प्यायला होतास?" असं पोलीस विचारत नाहीत. जर्मनीत एक राउटरमालक सुट्टीवर गावाला गेलेला असताना त्याच्या घरच्या वायफायवरून कुणीतरी एक गाणं इंटरनेटवर वाटलं. २०१० साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं की नुकसानभरपाई याच्याकडून मागता येणार नाही, पण वायफाय नीट बंद न ठेवल्याबद्दल नोटिशीचा खर्च, शंभर युरोपर्यंत, याने सोसावा. माणूस घरात नाही, गाणं त्याने ऐकलंही नाही, आणि बिल त्याच्या नावावर. पुढे २०१७ मध्ये जर्मनीने हा कायदा सैल केला, ते ठीकच झालं. शिवाय श्नायर यांच्या शिष्टाचारामागे एक तयारी होती: त्यांचे संगणक कुठल्याही परक्या जाळ्यात सुरक्षित राहतील असे ठेवलेले होते. आपल्याकडे प्रिंटर, टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि बाळाच्या पाळण्याशी ठेवलेला कॅमेरा, सगळे एकाच जाळ्यात पाय पसरून बसलेले असतात.

तिसरा आक्षेप काळानुरूप आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. आता शेजाऱ्याच्या वायफायवर डोळा ठेवण्याची गरज कुणाला? आणि बहुतेक संकेतस्थळं आता स्वतःच कुलूपबंद असतात, म्हणजे मधे कान लावून बसणाऱ्यालाही फारसं काही कळत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यामुळे फुकट्या शेजारी जवळजवळ नामशेष झाला हेही खरं. त्याचं मला थोडं वाईटच वाटतं. मॅच चालू असताना नेट मंद झालं की ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस गेला. पण डेटा वाचवायला येणारा गेला म्हणून पत्ता उसना घ्यायला येणारा गेला असं होत नाही. आणि कुलूपबंद संकेतस्थळ तुमचा बँकेशी चाललेला संवाद झाकतं, तुमच्या घरातल्या वस्तूंना झाकत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने साठेक कारखानी नाव-पासवर्डांच्या जोरावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना काही तास आडवं केलं. त्या साठ जोड्यांत "ॲडमिन, ॲडमिन" ही जोडी होती हे सांगायला नकोच. तो किडा बाहेरून, इंटरनेटवरून येत होता. घरातल्या जाळ्यात बसलेल्याला तर तेवढंही लांब जावं लागत नाही.

काही लोक यावर मधला मार्ग काढतात: नेटवर्कचं नाव लपवतात, किंवा ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देणारी यादी करतात. दोन्ही उपाय बघायला छान. नाव लपवलेल्या नेटवर्कशी जोडला गेलेला फोन मालकासोबत भाजीबाजारात जातो आणि तिथेही "गणेशकृपा आहे का, गणेशकृपा?" अशा हाका मारत हिंडतो, कारण लपलेलं नेटवर्क हाक मारल्याशिवाय ओ देत नाही. यादीचं म्हणाल तर यंत्राचा क्रमांक हवेत उघडाच ऐकू येतो, आणि दुसऱ्याचा क्रमांक लावून येणं हे दुसऱ्याचा पास दाखवून बसमध्ये बसण्याहून सोपं आहे. "मग डब्ल्यूपीए-३ घ्या" असं दुकानदार सांगेल. २०१८ पासून ते आलंय आणि चांगलं आहे. त्यात नमस्कार टिपून घरी नेऊन अंदाज लावता येत नाहीत, दर अंदाजाला राउटरच्या दारातच उभं राहावं लागतं. पण अंदाज लावायची गरज कुणाला असते? ज्याला पासवर्ड माहीत नाही त्याला. आपल्या घरचा तर मागच्या गणपतीत आलेल्या पंचेचाळीस माणसांना माहीत आहे, त्यांच्या फोनांत तो कायमचा बसला आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही फोनवर दोन बोटं फिरवली की चौकोनी कोड उमटून तो चौथ्याला मिळतो.

म्हणजे घोटाळा कुलपात नाही, घराच्या नकाशात आहे. जुन्या घरांना ओसरी असे. आलेला माणूस आधी ओसरीवर टेकायचा; तिथे त्याला पाणी मिळे, पान मिळे, झोपाळ्यावर बसून गप्पा होत, ओळखीपाळखी निघत. माजघरात त्याला कुणी बोलावलं नाही म्हणून तो रागावत नसे, कारण ओसरी हा नकार नव्हता, ते स्वागत होतं. भिडेला शरण न जाता भीड राखायची ही व्यवस्था आपल्या गवंड्यांनी कुठलंही मानक न वाचता केली होती. पुढे फ्लॅट आले, ओसरी गेली, आणि दार उघडलं की माणूस थेट सोफ्यावर, म्हणजे माजघरातच. वायफायचंही तसंच झालं: एक डबा, एक नाव, एक पासवर्ड, आत्या, आत्याचे यजमान, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आणि बाळाच्या पाळण्यावरचा कॅमेरा, सगळे एकाच खोलीत. खरं तर आजकालच्या बहुतेक राउटरांत ओसरी बांधूनच येते. तिला "गेस्ट नेटवर्क" म्हणतात. तिचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि नीट लावली तर तिथे बसलेल्याला इंटरनेट दिसतं पण घरातला प्रिंटर, कॅमेरा किंवा दुसऱ्या पाहुण्याचा फोन दिसत नाही. ती चालू करायला राउटरच्या आतल्या पानावर एक खूण करायची असते. एवढं असूनही ती बंदच असते, कारण नेटवाल्या मुलाला पुढच्या बिल्डिंगमध्ये जायचं असतं आणि काकांना विचारलं तर ते म्हणतात, "आपल्याकडे कोण येतंय?"

ओसरीने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. तिच्यावरून गेलेली मेलही बाहेर तुमच्याच पत्त्यावर नोंदली जाते. सानपाड्याचा धडा तिथेही लागू आहे, म्हणून ओसरीलाही पासवर्ड हवाच, तो ओळखीच्यांनाच द्यायचा आणि गणपती उठले की बदलायचा. पण ओसरी असली की माजघराचा पासवर्ड पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पासवर्ड होऊ शकतो, कारण तो आता कुणाला सांगायचाच नाही. तो त्रेसष्ट अक्षरांपर्यंत लांब चालतो, फक्त रोमन लिपीत हवा. खोबरं, टपाल, गिरगाव, पावशेर, म्हैस असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच शब्द घेतले की ग्राफिक्स कार्डाला घाम फुटतो. आरतीची ओळ मात्र नको, ती अंदाज लावणाऱ्यालाही पाठ असते. आणि एखादा शब्द "क्ष"चा किंवा "ज्ञ"चा घेतला तर मराठी रोमन लिपीत कसं लिहावं याबद्दल कुठल्याही दोन मराठी माणसांचं एकमत नसणं हे आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडतं. "लक्ष्मी" एक्सने की के-एस-एचने, शेवटी आय एक की ई दोन, यावर घरातच तट पडतात. बाहेरच्याची काय कथा? जोडीला डब्ल्यूपीएस बंद करायचं, राउटरच्या आतल्या पानाचं "ॲडमिन" बदलायचं, अपडेट मागितलं की द्यायचं. ही कामं दहा मिनिटांची आहेत आणि त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो कुठल्याच परदेशी तज्ज्ञाला सुचलेला नाही, कारण त्यांच्याकडे जावई नसतात. म्हणजे असतात, पण जावई म्हणून नसतात. ओसरी चालू केली, तिला "पाहुणे" असं नाव दिलं, आणि जावयांनी फोनवर ते वाचलं, तर पुढचं वाक्य ठरलेलं आहे: "आम्ही पाहुणे का?" मामेभावाचंही तेच, मोठ्या नणंदेचं तर विचारूच नका. मराठीत "पाहुणा" हा शब्द परक्याला मान म्हणून आणि आपल्या माणसाला टोमणा म्हणून वापरतात, आणि ज्याने गेस्ट नेटवर्कचं नाव "गेस्ट" ठेवलं त्याला हे ठाऊक नव्हतं. सुदैवाने राउटरला मराठी येत नाही. कुठल्या नेटवर्कला काय म्हणायचं हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, तेव्हा पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कला बेलाशक "घरचेच" असं नाव द्यावं, आणि जिथे प्रिंटर, कॅमेरा आणि बँकेची कामं चालतात त्याला "टाकी मोटर" किंवा "लिफ्ट" असलं काहीतरी रुक्ष. जावई "घरचेच"ला जोडले जातील, खूश होतील, आणि यादीत खालचं नाव बघून विचारतील, "हे टाकी मोटर कुणाचं?" सासऱ्यांनी पेपर न खाली घेता म्हणावं, "सोसायटीचं असेल. चहा घेणार ना?"